आधी तू विचार

मॅडम आमच्या वरच्या खोल्या बघायला आल्या तेव्हा उन्हाळा होता, आणि सोलापूरचा उन्हाळा म्हणजे दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. त्या डोक्यावर ओला पंचा टाकून आल्या होत्या. कॉलेजात शिकवणारी बाई आणि डोक्यावर पंचा. मी मनात म्हटलं, असू दे, डोकं तरी थंड राहील. खोल्या बघितल्या, पाणी किती दिवसाआड येतं ते विचारलं, गच्चीवर जाऊन आल्या, सगळं पसंत पडलं. मग जिन्याच्या खालच्या पायरीवर टेकल्या. तिथं माझी नात खेळत होती, बालवाडीत जायची तेव्हा. तिला म्हणाल्या, “मी तुमच्याकडे वरती राहायला आले तर चालेल का तुला?”

पोरीनं बाहुलीचं डोकं पिळत सांगितलं, “नाही.”

“बरं,” म्हणाल्या मॅडम, आणि पंचा सारखा करून निघाल्या की.

मला वाटलं चेष्टा करतायत. पण बाई खरंच कोपऱ्यापर्यंत गेल्या. मी अनवाणी मागं धावले, पाय भाजले माझे. म्हटलं, “अहो मॅडम, घर माझं आहे. त्या पोरीचं काय मनावर घेता?”

“ती पण राहते ना तिथं, अक्का?” एवढंच म्हणाल्या.

काही दिवसांनी परत आल्या, परत त्याच पायरीवर बसल्या, परत तेच विचारलं. या खेपेला नातीनं उलट विचारलं, “तुमच्याकडे मांजर आहे का?” नाही म्हटल्यावर म्हणाली, “मग या.” पोरगी मांजराला भ्यायची, बाकी काही नव्हतं. आणि मॅडमनी पहिल्या वेळी ‘का नाही’ असं एका शब्दानं विचारलं नव्हतं. मी तर पहिल्यांदा तेच विचारलं असतं. तुम्हीही विचारलं असतं.

अशी ती बाई माझ्याकडं राहायला आली आणि नोकरी संपेपर्यंत राहिली. आता पुण्यात असतात, दोन खोल्यांत, एकट्याच. फोन करतात. इतकी वर्षं एका जिन्याला धरून राहिलो आम्ही, पण मला कुणी विचारलं की बाई कशी होती, तर मी आधी चहा टाकते. तेवढाच वेळ मिळतो विचार करायला.

त्या समाजकार्याच्या कॉलेजात शिकवायच्या आणि मुलांच्या संरक्षणावर संशोधन करायच्या. आता आमच्या सोलापुरात चादरीचं विचारा, टॉवेलचं विचारा, विडीचं विचारा, कुणीही सांगेल. हे काय असतं ते कुणाला ठाऊक? शेजारीण म्हणायची पोलिसातली आहे. वाण्याला वाटायचं पोरं दत्तक देते. मीच एकदा धीर करून विचारलं, “मॅडम, तुम्ही नेमकं काय करता हो?”

“ज्या मुलांना घर नाही, त्यांना घर कसं मिळेल ते बघते.”

“मग देता घर?”

“नाही. लिहिते.”

“मग घर देतं कोण?”

“कुणी द्यायला पाहिजे, ते पण लिहिते.”

मी म्हटलं, बरंय. आमच्या महापालिकेसारखंच झालं. त्यावर त्या इतक्या हसल्या की कडक भाकरीचा तुकडा घशात अडकला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यावर ती बाई जगायची. ताट नको, ओट्यावर बसून भाकरी मोडायची, कडाकडा आवाज काढत खायची. म्हणायच्या, “अक्का, एखाद्या माणसाला खरं बोलायला लावायचं असेल तर त्याला ही भाकरी खायला द्यावी. खाताना गोड बोलता येत नाही.”

एक शब्द त्यांच्या खोलीत चालायचा नाही. ‘बिचारा.’ मी म्हणायची, त्या अमक्याचं पोरगं बिचारं. लगेच हातातलं खाली ठेवायच्या. “इथं कुणी बिचारं नाही, अक्का. त्याचं नाव सांगा, काय झालं ते सांगा.” आता आमच्या बोलण्यातून बिचारा काढला तर राहतं काय? मी सवयीनं म्हणायची आणि त्या सवयीनं हात खाली ठेवायच्या. अशात कितीतरी वेळा त्यांचा चहा निवला.

पण मुख्य सांगायचं ते त्यांच्या कामाच्या पद्धतीचं. बाकीचे संशोधनवाले येतात, पोरासमोर कागद धरतात, विचारतात, वडील दारू पितात का, मारतात का. मॅडम तसं नाही करायच्या. आधी जमिनीवर बसायच्या, पोराच्या डोळ्याखाली आपले डोळे येतील एवढ्या खाली. मग म्हणायच्या, “आधी तू विचार. काहीही विचार. मी खरं सांगेन. मग तुला वाटलं तर मी विचारीन. नको वाटलं तर नको.”

पोरं काय, ती कशाला सोडतात. पगार किती, केस काळे करता का, लग्न का नाही केलं, तुम्हाला कुणी मारलं होतं का. एका पोरानं विचारलं, तुम्ही रडता का. म्हणाल्या, हो. कधी रडता? म्हणाल्या, परीक्षेचे पेपर तपासताना. सगळं खरं सांगायच्या. कित्येकदा दिवसभर पोरांनी हिलाच विचारायचं आणि संध्याकाळी हिनं कोऱ्या कागदानं परत यायचं. कॉलेजात लोक हसायचे. म्हणायचे, मॅडम पोरांचा अभ्यास करत नाहीत, पोरं मॅडमचा अभ्यास करतात.

आणखी एक. पुस्तकात पोरांची खरी नावं घालायची नसतात, तसा नियम असतो म्हणे. तर दुसरे लोक आपल्या मनानं खोटी नावं घालतात. मॅडम पोरालाच विचारायच्या, तुला कोणतं नाव पाहिजे. एका पोरानं आगगाडीचं नाव घेतलं, ते तसंच छापलं. आणि मी जिची गोष्ट सांगणार आहे ती पोरगी म्हणाली, “माझं हाय तेच लिवा.” मॅडम म्हणाल्या, ते चालत नाही. तर पोरगी म्हणाली, “मग तुमचं लिवा.” म्हणून त्या पुस्तकात त्या पोरीला मॅडमचंच नाव आहे, आणि म्हणून मी इथं दोघींचंही नाव सांगत नाही. एकीचं सांगितलं की दुसरीचं सांगितल्यासारखं होईल.

मी यात कशी आले ते सांगते. माझं शिक्षण पाचवीपर्यंत. पुढचं सगळं किराणाच्या पुड्यांच्या कागदांवर, मग पेठेतल्या वाचनालयात. पण माझं माहेर मैंदर्गीकडचं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, त्यामुळं कानडी मला मराठीच्या आधीपासून येते. अक्कलकोटच्या बाजूला जायचं असलं की मॅडम मला घेऊन जायच्या. त्यांना कानडीतलं ‘ऊट आयतु’ तेवढं यायचं, म्हणजे जेवण झालं, आणि ते त्या कुठंही म्हणायच्या.

आता मॅडमचं सगळं आयुष्य एका गोष्टीवर उभं होतं. पोरं संस्थेत ठेवू नयेत, घरी ठेवावीत. आई नसेल तर मावशी, मावशी नसेल तर चुलता, पण घरी. सरकारनं संस्थेवर जे घालवायचं ते घराला द्यावं. याच्यावर त्यांनी लिहिलं, दिल्लीला जाऊन बोलल्या, याच्यावर त्यांना डॉक्टर केलं. मला सोप्या भाषेत सांगायच्या, “संस्था कितीही चांगली असू दे अक्का, झोपेत पांघरूण सरकलं तर ओढून घालणारं कुणी नसतं तिथं.” हे मला पटायचं. कुणालाही पटेल.

आणि ही बाई स्वतः घरी जायची नाही.

घर होतं की. बार्शीला. म्हातारी आई, भाऊ, वहिनी, भावाचं धान्याचं दुकान. माणसं इतकी चांगली की मीच कधी कधी त्यांना माझी समजायचे. भाऊ सणाला मला फोन करायचा, “अक्का, ताईला सांगा की यायला.” एसटीनं तूरडाळ पाठवायचा, हुरड्याच्या दिवसात हुरडा. मॅडम डाळ शिजवायच्या, भावाला फोन करून चांगली शिजली म्हणून सांगायच्या, आणि जायच्या नाहीत. मी सगळं चाचपून बघितलं. भांडण? नाही. जमिनीचं काही? नाही. लग्नावरून बोलले असतील? कुणीच काही बोललं नव्हतं. एकदा मी सरळ विचारलं. तर म्हणाल्या, “तुम्ही पोर असता तर सांगावं लागलं असतं, अक्का. तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला नाही सांगितलं तरी चालतं.” आता याला काय म्हणायचं.

बरं, त्या पोरीचं. इथल्याच एका बालगृहात होती. आई वारलेली, बाप कामाला म्हणून गेला तो गेलाच. लहान असताना आणून ठेवलेली, आता सातवीत होती. उंच, हडकुळी, एका वेणीची, कुणी बोललं की आधी त्याच्या चपलांकडं बघायची. आणि इतक्या वर्षांनी तिच्या बापाचा भाऊ उगवला. मैंदर्गीजवळ शेती, स्वतःचं पोरबाळ नाही. त्याला कुणीतरी सांगितलं की तुझी पुतणी सोलापुरात आहे, तसा तो दुसऱ्या दिवशी बालगृहाच्या फाटकात येऊन उभा राहिला. मोडक्या मराठीत म्हणाला, आमची पोरगी आमाला द्या.

हे सगळं ठरवायला एक समिती असते. समितीनं मॅडमना सांगितलं, तुम्ही घर बघून या आणि काय करावं ते लिहून द्या. या विषयात तुमच्यापेक्षा कुणाला जास्त कळतं? म्हणजे बघा, पोरगी कुठं राहणार, फाटकाच्या आत का चुलत्याच्या घरी, हे मॅडमच्या लिहिण्यावर येऊन ठेपलं.

आम्ही दोघी गेलो. मी वाईटात वाईट शोधायला गेले होते, खोटं कशाला बोलू. मला वाटलं याला फुकटची राबायला पोरगी पाहिजे असणार. पण घर बघून मी गार झाले. “बर्री, कुंद्री,” या, बसा म्हणत म्हातारीनं, म्हणजे पोरीच्या आजीनं, मॅडमचा हात धरला तो सोडेचना. चुलती गोड बाई, शेंगापोळ्या करून ठेवलेल्या. पोरीसाठी भिंतीला वेगळी खुंटी ठोकली होती आणि त्या खुंटीवर नवा ड्रेस, मापाचा अंदाज घेऊन शिवलेला, थोडा मोठाच. शाळा हाकेच्या अंतरावर. मॅडमनी शाळेत विचारलं, शेजारी विचारलं, संडास बघितला, पोरगी कुठं झोपणार ते बघितलं. चुलत्याला विचारलं, “घरकाम कोण करणार?” मी कानडीत सांगितलं. तो म्हणाला, “इतके दिवस कोण करत होतं? तीच माणसं करतील.”

येताना एसटीत मी म्हटलं, “झालं मॅडम. सोनं आहे घर. तुमच्या पुस्तकातलंच.”

“हो,” म्हणाल्या. “पुस्तकातलंच.”

मग आम्ही पोरीकडं गेलो. व्हरांड्यात तिघी बसलो, मॅडम नेहमीप्रमाणं फरशीवर. घर कसं आहे, आजी कशी रडली, खुंटी, ड्रेस, सगळं सांगितलं. पोरगी ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, “न्हाय जायचं.”

बालगृहाच्या बाई मागं उभ्या होत्या. त्या पटकन बोलल्या, “अगं पण का? कुणी काही बोललं का तुला तिकडचं? इथल्या मैत्रिणींमुळं का?”

पोरगी चपलांकडं बघत राहिली. मॅडमनी त्या बाईंना हातानं थांबवलं आणि पोरीला म्हणाल्या, “आधी तू विचार.”

पोरीनं वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “तुमी कुटं राहता?”

“या अक्कांच्या घरी, वर.”

“एकट्याच?”

“एकटीच.”

“तुमचं घर न्हाय?”

“आहे. बार्शीला.”

“तितली माणसं वाईट हायती?”

“नाही. खूप चांगली आहेत.”

“मग तितं का राहत न्हाय?”

इतकी वर्षं जे मला कळलं नव्हतं ते आता या पोरीपुढं बाहेर येणार, कारण पोरांना खरं सांगायचं हा त्यांचा नेम. मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. मी बाजूनं बघत होते, त्या खरोखर आत शोधत होत्या, डब्यात चमचा शोधावा तशा. आणि मग म्हणाल्या, “सांगता येत नाही गं.”

“म्हंजे सांगायचं न्हाय?”

“नाही, तसं नाही. सांगायचंय. पण येत नाही सांगता.”

पोरीनं मान हलवली, गणित सुटल्यावर हलवतात तशी. म्हणाली, “मला बी येत न्हाय.”

झालं. मॅडमनी चष्मा घातला आणि उठल्या.

घरी आल्यावर मी मात्र बोलले. मी भांडलेच म्हणा ना. म्हटलं, “अहो, ती लेकरू आहे. तिला काय कळतं? उद्या मोठी झाली की म्हणेल, मला का नाही पाठवलं. आम्हाला सासरी पाठवताना कुणी विचारलं होतं? एका बैलगाडीत बसवलं आणि दिलं पाठवून. राहिलोच ना आम्ही?”

“राहिलात,” मॅडम म्हणाल्या. “विचारलं असतं तर काय म्हणाला असता, अक्का?”

मी पीठ मळत होते. मळतच राहिले. त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत, वर निघून गेल्या.

दोन-चार दिवस बाई जेवली नाही धड. कॉलेजातून आली की येरझाऱ्या, माझ्या डोक्यावर त्यांच्या पावलांचा आवाज. इंग्रजीत स्वतःशी बोलायच्या. त्यांची अडचण मला कळत होती. जन्मभर सांगितलं, पोराचं घर म्हणजे घर. जन्मभर हेही सांगितलं, पोराचं ‘नाही’ म्हणजे नाही. दोन्ही गोष्टी त्यांच्याच. आणि आता दोन्ही एकाच दारात येऊन उभ्या, एकीला आत घ्यावं तर दुसरीला बाहेर काढावं लागणार.

समितीपुढं मीही होते, चुलत्याला कानडीतून सांगायला. समितीत एक जण मॅडमचाच जुना विद्यार्थी. चांगला मुलगा, बोलायला तिखट. मॅडमनी उभं राहून सांगितलं, “घर चांगलं आहे. माणसं चांगली आहेत. मला एकही दोष सापडला नाही. मुलगी नको म्हणते. कारण तिला सांगता येत नाही आणि मला ओळखता येत नाही. ती इथंच राहावी असं माझं मत आहे.”

तो विद्यार्थी हसला. “मॅडम, वर्गात आम्ही असं उत्तर लिहिलं असतं तर तुम्ही किती मार्क दिले असते?”

“नापास केलं असतं.”

“मग?”

“मग मी नापास आहे. पण मत हेच आहे.”

“पण तुमच्याच पुस्तकात आहे ना, सुरक्षित घर उपलब्ध असताना मूल संस्थेत ठेवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. आम्ही पाठ केलंय ते.”

“मीच लिहिलंय,” मॅडम म्हणाल्या. “आणि अजून मला ते खरं वाटतं.”

आता सांगा, यावर त्या माणसानं काय करावं? तो कपाळाला हात लावून बसला. चुलता मला सारखा कोपरानं ढोसत होता, काय म्हणतायत, काय म्हणतायत. मी काय सांगू? मी म्हटलं, घर आवडलं म्हणतायत.

शेवटी त्या विद्यार्थ्यानंच तोडगा काढला. दिवाळीच्या सुट्टीत पोरीनं चुलत्याकडं जाऊन राहावं. चार दिवस राहिली की भीती मोडेल. सुट्टीनंतर मॅडमनी पुन्हा लिहून द्यावं, आणि तेव्हा त्या लिहितील तो शेवटचा शब्द. पोरीला आत बोलावून विचारलं. तिनं समितीकडं बघितलंच नाही. मॅडमना म्हणाली, “तुमी जाणार दिवाळीला? बार्शीला?”

मॅडम म्हणाल्या, “ठरलं नव्हतं.”

“तुमी जा. मग मी जाते.”

समितीतल्या एक बाई फस्सकन हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. “बरं,” म्हणाल्या.

त्यांनी पिशवी भरली तेव्हा मी दारात उभी होते. साड्या काढायच्या, परत कपाटात ठेवायच्या. मी भावाला फोन करून कळवलं तर त्यानं फोन तसाच वहिनीच्या हातात दिला, ती म्हणाली, खरंच येतायत का, मी गाद्या काढते मग. धनत्रयोदशीला मी मॅडमना बार्शीच्या गाडीत बसवलं. खिडकीतून म्हणाल्या, “अक्का, मी परीक्षेला चालले असं वाटतंय.”

“कुणाच्या?” मी म्हटलं.

“तेच कळत नाहीये.”

सुट्टी संपली त्या दिवशी मी दुपारीच स्टँडवर जाऊन थांबले. मॅडमनीच सांगितलं होतं, चुलता येणार, कानडी लागेल. भाऊबीज होऊन गेलेली, सगळी माहेरवाशिणींची गर्दी. अक्कलकोटची गाडी आधी लागली. चुलता उतरला आणि मागनं पोरगी. मी ओळखलंच नाही. दोन वेण्या, तेल चोपडलेलं, हातात हिरव्या बांगड्या, अंगात तो खुंटीवरचा ड्रेस, चुलतीनं बाजूनं टाके घालून बेताचा केलेला. गालावर गोल ठसा होता. चुलत्याच्या शर्टाच्या गुंडीचा. म्हणजे वाटभर त्याच्या अंगावर झोपून आलेली. लहानपणीच्या मोडक्या कानडीत काहीतरी सांगून ती त्याला हसवत होती, शेजारच्या म्हशीचं काहीतरी. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी म्हटलं, सुटलं बाई. पोरगी घरची झाली.

मग बार्शीची गाडी आली. मॅडमही निराळ्याच दिसत होत्या. अंगाला उटण्याचा वास, नवी साडी, आणि भावानं बरोबर दिलेलं ज्वारीचं लहान पोतं. कंडक्टरनं ते खाली टाकलं. मॅडम सरळ येऊन फलाटाच्या कडेला खाली बसल्या, नव्या साडीनिशी. पोरगी त्यांच्यासमोर उभी राहिली.

“काय मग?” मॅडम म्हणाल्या.

“आधी मी इचारणार.”

“हं, विचार.”

“कशी होती माणसं?”

“चांगली. वहिनीनं मला उटणं लावलं. आईनं भरवलं.”

“करमलं?”

“करमलं.”

“मग परत का आलासा?”

मॅडमनी पोत्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. “सुट्टी संपली,” म्हणाल्या.

पोरगी म्हणाली, “माझी बी संपली.”

आणि तिनं आपली पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, बालगृहाच्या बाजूच्या.

मला कळायला क्षणभर लागला. चुलता माझ्याकडं बघत होता. “एन् अंताळ?” काय म्हणते ती? मी सांगितलं, ती इथंच राहणार म्हणते. त्याचा चेहरा मला बघवेना. चांगला धिप्पाड माणूस, टोपी काढून हातात चुरगाळत उभा. कानडीत म्हणाला, आमचं काय चुकलं तेवढं विचार त्या बाईंना. मी मॅडमना विचारलं.

“काही चुकलं नाही म्हणावं.”

मी सांगितलं. तो म्हणाला, मग? मी मॅडमकडं वळून म्हटलं, “मग, म्हणतो तो. आणि मीही तेच म्हणते, मॅडम. मग?”

मॅडम म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, तिलाच विचारा.”

“का राहत नाही ते?”

“ते नको. परत कधी येणार, ते विचारा म्हणावं.”

मी तसं सांगितलं. त्या माणसानं आयुष्यात लहान पोराला काही विचारलं नसणार. आमच्याकडं पोराला सांगतात, विचारत नाहीत. तो जरा इकडंतिकडं बघत राहिला. मग गुडघ्यावर हात ठेवून तिथं गर्दीत खाली बसला, मॅडमच्या शेजारी, आणि मान वर करून पुतणीला विचारलं, “ब्यासिगीगे बरतिया?” उन्हाळ्यात येशील का.

पोरीनं त्याच्या चपलांकडं न बघता तोंडाकडं बघितलं. “बरतीनि,” म्हणाली.

‘येईन म्हणते’ असं मराठीत सांगायला मी मॅडमकडं वळले.

“कळलं, अक्का,” मॅडम म्हणाल्या. उठल्या, साडी झटकली आणि रिक्षाकडं चालायला लागल्या. पोतं तिथंच राहिलं. चुलत्यानं ते बघितलं, उचलून खांद्यावर घेतलं आणि त्यांच्या मागनं निघाला. पोरगी त्याच्या शर्टाचं टोक धरून त्याच्या बाजूनं. मी सगळ्यांच्या मागं. कोण कुणाला पोचवायला चाललं होतं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.